गंधर्वांचें गाणें कोणाचें?

पवनेच्या कांठचें रहाटणी हें गांव कांहीं दशकांपूर्वीं शेतीवाडीवर जगत होतें. आज तेथें बहुमजली गृहसंकुलें उभीं आहेत, आणि पिंपरी-चिंचवड व चाकण येथील कारखान्यांत काम करणारीं सुशिक्षित कुटुंबें त्यांत राहतात. अशा घरांतील तरुण मंडळींत विलायती रॉक संगीताचे भक्त पुष्कळ आढळतात. त्यांचा एक आवडता वाद असा असतो कीं, अमुक बँडांतील अमुक गृहस्थ खरोखरच प्रतिभावान होता, कीं त्याचा ताठाच तेवढा मोठा होता? गाणीं त्याचीं होतीं, कीं सोबत्यांच्या श्रमावर त्यानें आपली मोहर उमटविली? घरांतील वडील माणसांस हा वाद परका वाटतो, व कोठल्या परदेशांतल्या माणसांसाठीं हीं मुलें घसा कोरडा करितात, असें त्यांच्या मनांत येतें. परंतु त्यांच्याच आजोबा-पणजोबांनीं हाच वाद मुंबई-पुण्याच्या नाटकगृहांबाहेर, खानावळींत आणि आगगाडीच्या डब्यांत रात्र रात्र घातलेला आहे. बँड तेवढा निराळा होता. त्याचें नांव गंधर्व नाटक मंडळी.

मराठी संगीत नाटक मंडळी ही रचनेनें आजच्या बँडाहून फारशी वेगळी नव्हती. दोन-तीन भागीदार मालक, त्यांपैकीं एकाच्या गळ्यावर सर्वांचें पोट अवलंबून. गांवोगांवचा फिरता संसार. मागें साथीदारांचा ताफा, पुढें प्रेक्षकांचा कट्टर पक्ष. आणि मंडळी फुटली म्हणजे नांव कोणाचें व नाटकें कोणाचीं, यावरून होणारा तंटा. पिंक फ्लॉइड या इंग्रज बँडांतून रॉजर वॉटर्स १९८५ सालीं बाहेर पडला, तेव्हां त्या नांवावर हक्क कोणाचा, हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला होता. बीटल्स मंडळींतील लेनन व मॅकार्टनी यांनीं तर प्रारंभींच ठरविलें होतें कीं, गीत दोघांपैकीं कोणींही रचलेलें असो, तें दोघांच्या नांवानें प्रसिद्ध व्हावें. त्यामुळें १९७० सालीं ती मंडळी मोडल्यावर कोणत्या गीतांत कोणाचा किती वांटा, हा हिशेब भक्तांना आजतागायत पुरला आहे. मराठी रंगभूमीवर असा करार कोणीं केला नव्हता. तेथें सगळें श्रेय गाणाऱ्याच्या पदरांत पडे. कारण प्रेक्षकांस दिसे तो तोच.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ रोजीं झाला. लहानपणीं त्यांचें गाणें ऐकून लोकमान्य टिळकांनीं त्यांस ‘बालगंधर्व’ म्हटलें, ही कथा सर्वश्रुत आहे. जळगांवीं मेहबूबखां यांजपाशीं त्यांनीं आरंभींचे धडे घेतले, आणि १९०५ सालीं मिरजेस शकुंतलेच्या वेषांत ते किर्लोस्कर नाटक मंडळीच्या रंगमंचावर उभे राहिले. भाऊराव कोल्हटकर १९०१ सालीं वारल्यापासून त्या मंडळीस स्त्रीभूमिकेसाठीं गाता गळा हवा होता. तो या कोंवळ्या मुलाच्या रूपानें मिळाला, आणि पांच-सहा वर्षांत मंडळीचें उत्पन्न बव्हंशीं त्याच गळ्यावर चालूं लागलें.

१२ मार्च १९११ या दिवशीं मुंबईंत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशीं नारायणरावांची तान्ही मुलगी निवर्तली. प्रयोग पुढें ढकलावा, असें इतरांचें म्हणणें पडलें असतांही ते रंगून उभे राहिले व भामिनीची भूमिका त्यांनीं पार पाडली. ही एकच हकीकत दोन्ही पक्षांनीं आपापल्या परीनें वापरलेली आहे. भक्त म्हणतात, पाहा ही रंगदेवतेवरील निष्ठा! टीकाकार म्हणतात, ज्यास अशा दिवशींही रंगमंचाखेरीज करमत नाहीं, त्याच्या निष्ठेंत टाळ्यांच्या ओढीचा अंश किती आहे तें कोणीं मोजावें? खरें पाहतां तिकिटें विकलीं गेलीं होतीं, मंडळीचें सर्व भांडवल त्या नाटकांत गुंतलें होतें, आणि पडदा न उघडता तर पुष्कळांच्या चुली विझत्या. बाप म्हणून त्यांच्या मनांत काय चाललें होतें, तें परक्यानें सांगूं नये हेंच बरें. परंतु ज्याच्यावांचून कांहींच चालत नाहीं, असा मनुष्य त्या दिवशीं मंडळींत एकच होता, आणि हें सर्वांस कळून चुकलें होतें. पुढच्या सगळ्या भांडणांचें बीज येथें आहे.

मानापमानाच्या यशांत दुसरा एक मनुष्य होता, ज्याचें नांव टाळ्यांच्या गजरांत मागें राहिलें. गोविंदराव टेंबे हे कोल्हापूरकडचे. पेटीवादनांत त्यांची बरोबरी करणारे त्या काळीं थोडे. मानापमानांतील पदांच्या चाली त्यांच्या आहेत. त्यांनीं काय केलें, हें समजण्यास त्यापूर्वीं काय होतें तें पाहिलें पाहिजे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्रां’त साकी, दिंडी, कामदा, कीर्तनी व लावणीच्या वळणाच्या चाली, कांहीं कर्नाटकी चाली, असा घरगुती थाट होता. पदें पुष्कळ, पण छोटीं, आणि कथा पुढें नेणारीं. टेंब्यांनीं पूर्वेकडील ठुमरी, दादरा, कजरी, होरी यांचा लडिवाळपणा मराठी पदांत आणिला. भामिनीसारख्या मानी, श्रीमंत, हट्टी मुलीच्या तोंडीं हा गाण्याचा प्रकार असा कांहीं शोभला कीं, चाल व पात्र हीं एकाच वेळीं जन्मलीं असावींत असा भास व्हावा. आणि ज्या गळ्यांतून ती चाल बाहेर पडली, त्या गळ्यास लोक तिचा जनक समजूं लागले. शिंपी बाजूला राहावा आणि अंगरखा घालणाऱ्याची वाहवा व्हावी, असा हा प्रकार.

किर्लोस्कर मंडळींतील धैर्यधर, नानासाहेब जोगळेकर, हे १९११ सालींच वारले. त्यानंतर मंडळींत धुसफूस वाढली, आणि १९१३ सालीं नारायणराव, गणेशराव बोडस व गोविंदराव टेंबे असे तिघे बाहेर पडून त्यांनीं गंधर्व नाटक मंडळी काढिली. भागीदार तीन, परंतु पाटीवर नांव एकाचें! टेंबे दोन-तीन वर्षांतच वेगळे झाले व त्यांनीं शिवराज नाटक मंडळी स्थापिली. बोडसही पुढें निघून गेले. या फुटीचीं कारणें सांगणारांनीं निरनिराळीं सांगितलीं आहेत. टेंबे व बोडस या दोघांनींही आपल्या आठवणी ग्रंथरूपानें लिहिल्या आहेत, आणि त्या शेजारीं ठेवून वाचल्या असतां एकच घर दोन खिडक्यांतून पाहिल्यासारखें वाटतें. मात्र एक गोष्ट निर्विवाद आहे. टेंबे बाहेर पडल्यानें त्यांची प्रतिभा मंदावली नाहीं. १९३२ सालच्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटास संगीत त्यांचेंच होतें, आणि राजा हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांनींच केली. तसेंच गंधर्व मंडळीचें गाणेंही टेंबे गेल्यानें ओसरलें नाहीं. उलट तें आणखी चढलें. ज्यांस वाटत होतें कीं सगळी किमया टेंब्यांची, त्यांस येथें थांबावें लागतें.

तें चढण्याचें कारण भास्करबुवा बखले. हे कठोरचे, बालपणीं किर्लोस्कर मंडळींतच नट म्हणून होते. आवाज फुटल्यावर त्यांनीं ती वाट सोडली आणि बडोद्याचे फैज महंमदखां, आग्रा घराण्याचे नत्थनखां व जयपूर परंपरेचे अल्लादियाखां अशा तीन दिग्गजांपाशीं विद्या मिळविली. १९११ सालीं पुण्यास भारत गायन समाज त्यांनीं स्थापिला. नारायणराव त्यांचे गंडाबंध शिष्य. १९१६ सालीं खाडिलकरांचें ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आलें, त्याच्या चाली बुवांच्या. येथें ख्यालाच्या बंदिशी जवळजवळ जशाच्या तशा मराठी पदांच्या अंगावर आल्या. यमन, भीमपलास, बागेश्री हे राग ज्यांनीं बैठकींत कधीं ऐकले नव्हते, त्या कारकुनांस, वकिलांस व त्यांच्या गृहिणींस ते रुक्मिणीच्या तोंडून पाठ झाले. महाराष्ट्रांत रागदारीचा जो श्रोतृवर्ग पुढें निर्माण झाला, त्याची शाळा बैठकींत भरली नाहीं; ती नाटकगृहांत पिटांतल्या बांकावर भरली.

आतां ‘चाल’ म्हणजे काय, हें नीट पाहिल्याखेरीज श्रेयाचा निवाडा होणार नाहीं. जुन्या संगीत नाटकांचीं पुस्तकें उघडलीं तर प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असा शब्द, त्यापुढें ज्या मूळ चिजेवरून ती घेतली तिचें नांव, आणि राग व ताल छापलेला आढळतो. म्हणजे पदाचा सांगाडा बहुधा आधींच कोठें तरी गाइला जात होता. उस्तादांच्या घरीं, कलावंतिणींच्या माडीवर, उत्तरेकडच्या एखाद्या मैफलींत. गुरु तो सांगाडा निवडी. कवि त्यावर मराठी शब्द बसवी. क्वचित् शब्द आधीं येत व चाल मागून. मग नट तें पद गळ्यांत घेई, आणि प्रयोगागणिक त्याचें रूप पालटत जाई. ‘एकच प्याला’ या नाटकाचें उदाहरण घ्यावें. राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्यें वारले, आणि नाटक त्यानंतर महिन्याभरांत बडोद्यास रंगभूमीवर आलें. त्यांतील पदें विठ्ठल सीताराम गुर्जर यांनीं लिहिलीं, आणि पुष्कळ चाली सुंदराबाई जाधव या विख्यात गायिकेकडून नारायणरावांनीं घेतल्या. म्हणजे गद्य एकाचें, पद्य दुसऱ्याचें, चाल तिसरीची, आणि लोकांच्या स्मरणांत ‘गंधर्वांची सिंधू’. सुंदराबाईंचें नांव किती प्रेक्षकांस ठाऊक होतें? बाई, आणि त्यांतून गाणारी. तिला श्रेय देण्याची त्या काळच्या सभ्य घरांना संवय नव्हती. बँडांतील मागच्या वादकाची आजचे भक्त जितकी कड घेतात, तितकी तरी तिची कोणीं घ्यावयास हवी होती.

मग नारायणरावांचें स्वतःचें असें काय राहिलें? टीकाकारांचा हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर त्यांच्या गाण्यांतच आहे. त्यांचा आवाज पल्लेदार नव्हता. तारसप्तकांत गर्जना करणारा तर मुळींच नव्हता. तानांची बरसात करणारे गवई त्यांच्या काळीं त्यांच्याहून सरस पुष्कळ होते. त्यांची खरी सत्ता लयीवर. शब्द उच्चारावयाचा तो बोलतांना उच्चारावा इतका स्वच्छ. तो तालाच्या ठोक्यावर न आपटतां त्याच्या किंचित् मागें-पुढें झुलत ठेवावयाचा. आणि समेवर येतांना असें यावयाचें कीं, आतां चुकली, आतां चुकली म्हणेपर्यंत ती अलगद हातांत पडावी. मध्यम लयींत हें साधणें सर्वांत कठीण, कारण तेथें विलंबिताचा आडोसा नाहीं आणि द्रुताची घाईही नाहीं. मींड, खटका, छोटी हरकत हीं सर्व शब्दाच्या अर्थासाठीं. एकाच ओळीचा एकच शब्द ते रुसून, विनवून, थट्टेनें, हताशपणें असा फिरवीत, आणि राग तिळभर बिघडत नसे. ही गोष्ट कोणीं गुरूनें लिहून दिलेली नव्हती. भास्करबुवांनीं विद्या दिली, परंतु विद्येचा असा उपयोग बैठकींतल्या गवयास करावा लागत नाहीं. तो रंगमंचावर उभ्या असलेल्या, समोरच्या पात्राशीं बोलणाऱ्या बाईस करावा लागतो.

त्यांत साथीचा वांटा मोठा होता, व तोही सांगितलाच पाहिजे. पायानें भाता चालविण्याचा ऑर्गन त्यांच्या मंडळीनें रूढ केला. त्याचा भरदार, न तुटणारा सूर मृदु आवाजामागें मखमलीच्या पडद्यासारखा उभा राही. सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर अहमदजान थिरकवा! ज्या तबलजीस ऐकण्यासाठीं पुढें सबंध हिंदुस्थान धांवला, तो वर्षानुवर्षें एका मराठी नाटक मंडळींत ठेका धरून बसला होता. अशा माणसास पगारानें बांधतां येतें खरें. परंतु नुसत्या पगारानें तो रमत नाहीं. लयीच्या अशा राजाला गाणाऱ्यांत कांहीं तरी दिसलें असलें पाहिजे. हा पुरावा कोणत्याही भक्ताच्या शपथेपेक्षां वजनदार आहे.

प्रतिस्पर्ध्याशिवाय भक्तांचा पक्ष पुरा बनत नाहीं. तो प्रतिस्पर्धी केशवराव भोसले. कोल्हापुरांत ९ ऑगस्ट १८९० रोजीं जन्म, घरीं दारिद्र्य, पोटासाठीं लहानपणींच स्वदेशहितचिंतक नाटक मंडळींत प्रवेश, आणि तेथें ‘शारदे’ची भूमिका करून मिळविलेलें नांव. १९०८ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, हुबळीस त्यांनीं स्वतःची ललितकलादर्श मंडळी काढिली. रामकृष्णबुवा वझे यांची तालीम त्यांस होती. आवाज चढा, धारदार, तान दाणेदार आणि वेगवान. गंधर्वांचें गाणें ज्यांस फार गोडमिट्ट वाटे, ते केशवरावांकडे वळत. केशवरावांचें गाणें ज्यांस फार आवेशाचें वाटे, ते गंधर्वांकडे. एकाच घरांत दोन भावांचे दोन पक्ष असत.

८ जुलै १९२१ रोजीं मुंबईच्या बालीवाला नाटकगृहांत टिळक स्वराज्य फंडासाठीं दोन्ही मंडळ्यांनीं मिळून ‘संयुक्त मानापमाना’चा प्रयोग केला. भामिनी नारायणराव, धैर्यधर केशवराव. तिकिटांचे दर पूर्वीं कोणीं ऐकले नव्हते इतके चढले. त्या रात्रीं कोण जिंकला? शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं, तरी हा प्रश्न विचारला जातो. पुष्कळांच्या आठवणींत केशवराव त्या रात्रीं वरचढ ठरले असें आहे. इतरांच्या आठवणींत भामिनीपुढें कोणी उभा राहूं शकला नाहीं. वस्तुतः ही कसोटी सुरुवातीपासूनच लंगडी होती. धैर्यधर हा सेनापति. त्याच्या पदांत वीरश्री, स्वाभिमान व आव्हान. अशा पदांस चढा आवाज व जलद तान शोभते आणि टाळीही तत्काळ मिळते. भामिनीचा अहंकार क्रमाक्रमानें विरघळतो. तिच्या गाण्याचा परिणाम घरीं जातांना जाणवतो. एकास धांवावयास लावावें, दुसऱ्यास पोहावयास लावावें, आणि मग श्रेष्ठ कोण म्हणून विचारावें, अशांतला हा प्रकार. दोघा नटांस हें कळत होतें, असें म्हणण्यास जागा आहे. कारण चढाओढीचा एवढा गवगवा होऊनही एकमेकांशीं त्यांचें वागणें आदराचें राहिलें, आणि पाठोपाठ ‘सौभद्र’ही त्यांनीं संयुक्तपणें केलें. भक्तांस मात्र पुढें निवाडा करण्याची संधि मिळाली नाहीं. ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं केशवराव विषमज्वरानें वारले. वय अवघें ३१. अकालीं गेलेल्या कलावंताची बाजू भक्तांच्या वादांत नेहमींच थोडी जड होते, कारण त्याचा पडता काळ कोणीं पाहिलेला नसतो. नारायणरावांस त्यानंतर ४६ वर्षांचें आयुष्य लाभलें, आणि त्यांतील बरींच वर्षें पडतीचीं होतीं.

अहंकाराचा प्रश्न येथें येतो. बोलण्या-वागण्यांत नारायणराव कमालीचे नम्र. समोरच्यास ‘देवा’ म्हणावयाचें, प्रेक्षकांस ‘मायबाप’ म्हणावयाचें, कोणाचें वाईट बोलावयाचें नाहीं. तेव्हां ताठा शोधावयाचा तर तो जिभेवर सांपडत नाहीं. तो जमाखर्चाच्या वहींत सांपडतो. रंगमंचावर शालू खरा हवा, दागिने खरे हवेत, गालिचे खरे हवेत, अत्तराचा दरवळ शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे. १९२० सालच्या ‘द्रौपदी’ नाटकाचा थाट तर राजवाड्यास लाजविणारा. उत्पन्न अफाट होतें, खर्च त्याहून अफाट. १९२१ च्या सुमारास मंडळी मोठ्या कर्जांत होती. वर्षानुवर्षें गाऊन तें फेडलें, आणि पुन्हां तीच वाट. मालकाच्या हौसेचा भार पडद्यामागच्या बिगारी माणसावरही पडतो, हें भक्त विसरतात. ‘वन्स मोअर’चेंही तसेंच. प्रेक्षकांनीं मागावें आणि यांनीं द्यावें. एकेक पद तीन-तीनदां. नाटक संपतांना पहांट व्हावी. समोरचें पात्र तोपर्यंत खांबासारखें उभें! लोकसेवा म्हणून तें क्षम्य. नाटक म्हणून तें नाटकाच्या मुळावर येणारें होतें.

कठोर सत्य असें कीं, काळ बदलला हें त्यांनीं फार उशिरां ओळखलें. हिराबाई बडोदेकर १९२९ पासून स्वतःच्या मंडळींत गाऊं लागल्या होत्या. १ जुलै १९३३ रोजीं नाट्यमन्वंतर संस्थेनें ‘आंधळ्यांची शाळा’ दाखविलें. त्यांत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनींच केल्या, पदें मोजकींच, आणि संगीत केशवराव भोळ्यांचें. चाळिशी ओलांडलेल्या पुरुषानें षोडशीचें सोंग घ्यावें, हें नव्या प्रेक्षकांस खटकूं लागलें. १९३५ सालीं ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटांत ते एकनाथ झाले, परंतु तो योग पुढें टिकला नाहीं. यंत्रापुढें तुकड्यातुकड्यांनीं गावयाचें, आणि दाद द्यावयास समोर कोणी नाहीं, हें त्यांच्या प्रकृतीस मानवण्यासारखें नव्हतें.

१९३८ च्या सुमारास गोहरबाई कर्नाटकी मंडळींत आल्या. प्रसिद्ध गायिका अमीरबाई कर्नाटकी यांच्या या भगिनी. गंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून ती गायकी त्यांनीं इतकी आत्मसात केली होती कीं, ऐकणारा चकित होई. पुढें दोघांचा विवाह झाला, आणि भक्तमंडळींनीं मंडळीच्या विनाशाचें खापर या बाईवर फोडलें. बीटल्स फुटल्यावर लेननच्या पत्नीस, योको ओनोला, लाखों भक्तांनीं जसें दोषी ठरविलें, तसाच हा न्याय. गोहरबाईंच्या बाबतींत तर धर्मभेदाचीही भर पडली. तारखा पाहिल्या तर हा आरोप टिकत नाहीं. कर्ज १९२१ चें, प्रेक्षक पांगले ते १९३३ पासून, मूळ मंडळीचा संसार ‘धर्मात्म्या’च्या वेळींच मोडलेला, आणि बाई आल्या त्यानंतर. त्यांनीं मोडलेल्या घरांत पाऊल टाकिलें व शक्य तेवढें तें सांवरलें, असें म्हणणें अधिक न्यायाचें होईल. आवडत्या कलावंताचा दोष पाहवत नाहीं म्हणून तो जवळच्या स्त्रीच्या माथीं मारावयाचा, हा भक्तांचा स्वभाव सर्व देशांत सारखाच दिसतो.

श्रेयाच्या यादींत आणखी एक नांव आहे, आणि तें पिंपरी-चिंचवडकरांच्या शेजारचें आहे. मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर यांचा जन्म १८९८ सालीं देवाच्या आळंदीस झाला. तेही भास्करबुवांचे शिष्य. बुवा १९२२ सालीं वारल्यावर गंधर्व मंडळीच्या चालींचा भार त्यांच्यावर आला. ‘मेनका’, ‘कान्होपात्रा’, ‘अमृतसिद्धि’ या नाटकांचें संगीत त्यांचें. १९३१ सालच्या ‘कान्होपात्रे’ंतील अभंग ऐकले म्हणजे वाटतें कीं, नारायणरावांच्या उतरत्या वयास, मंदावलेल्या श्वासास व वाढत्या भक्तिभावास काय झेपेल, हें या माणसानें त्यांच्याहून अधिक ओळखलें होतें. तान कमी, शब्द अधिक, आर्तता अधिक. म्हणजे टेंबे, बखले, सुंदराबाई, कृष्णराव असे चार हात एका गळ्याच्या पाठीशीं होते. चौघांच्या चाली एकमेकींपासून सहज ओळखूं येतात. आणि तरीही त्या चारही प्रकारच्या पदांत नारायणराव ओळखूं येतात. वादाचा निकाल लावावयाचा झाल्यास याच दोन विधानांत लावावा लागेल, आणि दोन्ही एकदम खरीं आहेत.

जुना वाद अजून विझलेला नाहीं. २०११ सालीं ‘बालगंधर्व’ चित्रपट आला, आणि त्यांतील गायनाबद्दल आनंद भाटे यांस राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. पाठोपाठ ‘हें गाणें गंधर्वांसारखें आहे कीं नाहीं’ यावर घरोघरीं खल झाला. जानेवारी २०२४ मध्यें शंभरावें अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन पिंपरी-चिंचवड येथेंच भरलें. २०२५ सालीं ‘संगीत मानापमान’ पडद्यावर आलें, आणि टेंब्यांचें नांव पुन्हां कांहीं दिवस लोकांच्या कानांवर पडलें. पुण्यांतील बालगंधर्व रंगमंदिर १९६८ पासून उभें आहे. केशवरावांच्या नांवाचें कोल्हापूरचें नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशीं, आगींत भस्मसात झालें, तेव्हां त्या शहरांतील माणसें रस्त्यावर उभीं राहून रडलीं.

ज्यांस स्वतःच निवाडा करावयाचा असेल, त्यांची सामग्री मात्र अपुरी आहे. नारायणरावांच्या जुन्या तबकड्या आज सहज ऐकतां येतात. परंतु तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटेंच मावत, आणि रंगमंचावर तेंच पद त्याच्या कितीतरी पट चाले. म्हणजे आपल्या कानीं येतो तो त्या गायकीचा नमुना. पुरी गायकी नव्हे. भास्करबुवांच्या आवाजाचें तर एकही ध्वनिमुद्रण उरलेलें नाहीं. गुरूचें किती आणि शिष्याचें किती, हें कानानें ताडून पाहण्याची सोय त्यामुळें कायमची गेली आहे. १९६५ सालीं कुमार गंधर्वांनीं ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम सादर केला. त्यांनीं नक्कल केली नाहीं. तींच पदें घेऊन, स्वतःच्या आवाजांत, त्यांतील लयीचें व शब्दाचें नातें कसें आहे तें उलगडून दाखविलें. नारायणराव तेव्हां हयात होते; १५ जुलै १९६७ रोजीं ते पुण्यांत निवर्तले.